पदराची खूणगाठ

शोधनिबंधांच्या विभागात ‘ब्राउझरमधल्या कुकीज’ हा विषय पाहून काही वाचक पान उलटतील. त्यांनी थोडे थांबावे. कोकणच्या बंदरांविषयीचे जुने कागद मी अलीकडे बव्हंशी इंटरनेटवरच वाचतो. एखाद्या दप्तरखान्यात गेले की रजिस्टरात नाव, वेळ आणि मागितलेले दप्तर लिहून सही करावी लागते. ती नोंद आपल्या डोळ्यांदेखत होते. रत्नागिरीत घरी बसून वाचताना मात्र नोंद कोण करतो, ती कुठे राहते आणि आपल्याला पाहता येते का, हा प्रश्न मला पडला. शोधता शोधता कळले की नोंदीचा एक भाग आपल्याच यंत्रात असतो आणि तो उघडून पाहता येतो. त्यासाठी संगणकाची पदवी लागत नाही. माझ्याकडेही ती नाही.

मुळात वेबची भाषा विसराळू आहे. आमच्या रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे. कल्पना करा, तिथे असा ग्रंथपाल आहे की तुम्ही खिडकीशी पुन्हा आलात की त्याला मागचे काहीच आठवत नाही. पहिले पुस्तक दिले हेही नाही आणि तुम्ही वर्गणीदार आहात हेही नाही. संकेतस्थळ पुरवणारा सर्व्हर असाच असतो. त्याच्या दृष्टीने प्रत्येक मागणी नवी. यावर नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली या तरुण अभियंत्याने १९९४ मध्ये तोड काढली. ग्रंथपालाने तुमच्या हाती एक चिठ्ठी द्यायची, तिच्यावर एक क्रमांक. पुढच्या खेपेला चिठ्ठी दाखवली की त्याला ओळख पटते. ही चिठ्ठी म्हणजे कुकी. ती फार तर चार किलोबाइटची असते आणि ब्राउझर ती ज्याची त्यालाच परत दाखवतो. नावाचा बिस्किटाशी थेट संबंध नाही. युनिक्सच्या प्रोग्रॅमरांमध्ये ‘मॅजिक कुकी’ हा शब्द आधीपासून होता, त्यावरून ते आले.

मराठीत मला यासाठी ‘खूणगाठ’ हा शब्द जवळचा वाटतो. काही विसरू नये म्हणून बायका पदराला गाठ मारत. फरक एवढाच, की इथे पदर आपला आणि गाठ मारणारा परका. १९९४ पासून या गाठी पडत होत्या. सामान्य वापरणाऱ्यांना त्याचा सुगावा लागला तो १९९६ च्या फेब्रुवारीत, लंडनच्या ‘फायनान्शियल टाइम्स’ने त्यावर लेख छापल्यावर.

आता पाहायचे कसे. संगणकावर क्रोम उघडा, एखाद्या संकेतस्थळावर जा आणि कळफलकावरची एफ-१२ ही कळ दाबा. बाजूला किंवा खाली एक तांत्रिक दिसणारी खिडकी उघडेल. घाबरू नये, नुसते पाहिल्याने काही बिघडत नाही. वरच्या ओळीत ‘ॲप्लिकेशन’ शोधा. दिसत नसेल तर दोन बाणांच्या खुणेमागे लपलेले असते. मग डावीकडे ‘स्टोरेज’खाली ‘कुकीज’, आणि त्याखाली संकेतस्थळाचे नाव. फायरफॉक्समध्ये एफ-१२ नंतर थेट ‘स्टोरेज’ असे लिहिलेले असते. सफारीत आधी सेटिंग्जच्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात जाऊन विकासकांसाठीची सोय चालू करावी लागते.

समोर तक्ता येतो. ‘नेम’ म्हणजे कुकीचे नाव, ‘व्हॅल्यू’ म्हणजे चिठ्ठीवरचा मजकूर, ‘डोमेन’ म्हणजे चिठ्ठी कोणाची, ‘एक्स्पायर्स’ म्हणजे मुदत. मुदतीच्या जागी ‘सेशन’ असेल तर ती चिठ्ठी ब्राउझर बंद करेपर्यंतची. ‘एचटीटीपी-ओन्ली’ या रकान्यात खूण असेल, तर पानावर चालणाऱ्या स्क्रिप्टला ती कुकी वाचता येत नाही.

मजकूर बहुधा अर्थहीन अक्षरांची लांब माळ असते. पण कधी कधी ती बोलते. अनेक संकेतस्थळे वाचकांची मोजदाद गूगल ॲनालिटिक्सकडून करवून घेतात. तिथे अंडरस्कोर आणि जीए एवढ्याच नावाची कुकी सापडेल. तिच्या शेवटी दहा आकडी संख्या असते. १ जानेवारी १९७० पासून मोजलेले हे सेकंद आहेत आणि ते त्या ब्राउझरला ही कुकी पहिल्यांदा मिळाल्याचा क्षण सांगतात. उदाहरणार्थ, १७०००००००० ही संख्या म्हणजे १५ नोव्हेंबर २०२३, आपल्या घड्याळात पहाटेचे ३ वाजून ४३ मिनिटे. दप्तरात तारीख लागली की संशोधकाला जो आनंद होतो, तोच मला इथे झाला. मागोमाग थोडी अस्वस्थताही आली.

खरा गुंता ‘डोमेन’च्या रकान्यात आहे. एका बातम्यांच्या संकेतस्थळावर मी तक्ता उघडला तेव्हा यादी पडद्यावर मावेना, आणि कित्येक नावे त्या वर्तमानपत्राची नव्हतीच. त्या जाहिरात कंपन्या. तीच कंपनी आंब्याच्या पेट्या विकणाऱ्या दुकानात आणि औषधांच्या माहितीच्या पानावरही बसलेली असेल, तर तिन्हीकडे ती आपली एकच चिठ्ठी ओळखते आणि धागा जुळवते. १८८६ पासून १९१६ मध्ये मरण येईपर्यंत थिबा राजा इथे रत्नागिरीत इंग्रजांच्या पहाऱ्यात राहिला. पण पहारा कोणाचा, हे त्याला ठाऊक तरी होते.

अशा परक्या कुकीज सफारीने मार्च २०२० मध्ये सरसकट रोखल्या. फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळासाठी वेगळा कप्पा केला. क्रोमने त्या बंद करण्याचे जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले, मुदती वाढवल्या आणि जुलै २०२४ मध्ये बेत सोडून दिला. जाहिरातींवर चालणाऱ्या कंपनीकडून वेगळे काय घडणार होते, असे माझे मत. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमतीची अट घालतो. ‘कुकी’ हा शब्द मात्र त्यात नाही.

तक्ता पाहताना एक पथ्य पाळावे. लॉग-इन केलेल्या संकेतस्थळाच्या कुकीज म्हणजे दारावरचा पास. तो ज्याच्या हाती, त्याला बहुतेक वेळा पासवर्डविना आत जाता येते. म्हणून त्या खिडकीचा फोटो कोणाला पाठवू नये, आणि फोनवरून कोणी ‘तिथे हे चिकटवा’ म्हणाले तर मुळीच चिकटवू नये.

हाच धोका गावोगावच्या सेवा केंद्रांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत आहे. एकाच संगणकावर दिवसभर कोणाची शिष्यवृत्ती, कोणाचा सातबारा, कोणाचे पेन्शन. माणूस काम झाले की खिडकी बंद करून उठतो. पण ‘मागे होते तिथून सुरू करा’ अशी व्यवस्था ब्राउझरमध्ये असेल तर ‘सेशन’ कुकीही टिकून राहते आणि पुढच्या माणसाला आधीच्याचे खाते उघडे मिळू शकते. म्हणून आधी ‘लॉग-आउट’ करायचे, मग उठायचे.

मोबाइलवरच्या क्रोममध्ये हा तक्ता दिसत नाही. सेटिंग्जमध्ये ‘साइट सेटिंग्ज’, मग ‘ऑल साइट्स’, इथे कोणत्या संकेतस्थळाने किती जागा व्यापली एवढेच कळते. तिथूनच एकेकाची माहिती पुसताही येते. पुसल्यावर तिथले लॉग-इन जाते, पुन्हा पासवर्ड टाकावा लागतो. आणि पुसली जाते ती फक्त आपल्याकडची चिठ्ठी. ग्रंथपालाच्या वहीतला तो क्रमांक, आणि त्यापुढे त्याने जे काही लिहून ठेवले असेल ते, तिथेच राहते.