पोर घरचं, पण वळ कोणाचे?

भोर-वेल्ह्याच्या वाड्यांवर शेजाऱ्याने मारकुट्या बापाला हटकलं, तर "पोर माझं आहे, तुम्ही मधे पडू नका" हे उत्तर ठरलेलं. कायदाही त्या बापाला थोडी मोकळीक देतो, हे अनेकांना ठाऊक नसतं.

शाळेत छडी उगारायला २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी घातली. स्वीडनने १९७९ मध्ये घरातल्या मारालाही घातली. आपल्याकडे घरासाठी तशी सरसकट बंदी नाही. उलट भारतीय न्याय संहितेचं कलम २७ सांगतं की, बारा वर्षांखालील मुलाच्या भल्यासाठी पालकाने सद्भावनेने केलेली कृती, त्यात इजा झाली तरी, गुन्हा होत नाही. जबर दुखापतीला मात्र हे कवच सहसा मिळत नाही. शिवाय २०१५च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७५ आहेच: ताब्यातल्या मुलाला मारून नाहक यातना दिल्या, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही.

नाहक कशाला म्हणायचं, हे न्यायाधीश ठरवणार, तेही वळ उमटल्यानंतर. गोव्यात दोन बहिणींना मारल्याबद्दल बाल न्यायालयाने एका शिक्षिकेला दोषी धरलं होतं; २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. शिस्तीसाठी केलेली साधी, वाजवी सक्ती गुन्हा नव्हे, असं त्याचं म्हणणं. शिक्षिकेला इतकी सवलत, तर आईबापांना शिक्षा होणं किती अवघड!

माझ्या मते प्रत्येक चापटीत कोर्टाने पडूही नये. बाप आत गेला तर घर उपाशी, आणि साक्ष द्यायची त्याच लेकराने.

पण कोर्टाच्या अलीकडे बालकल्याण समिती आहे. तिला प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. मुलाला घरीच ठेवून देखरेख लावता येते, संस्थेत पाठवणं हा शेवटचा उपाय. अडचण अंतराची. केळद किंवा हिर्डोशीसारख्या गावाहून तिच्यापुढे पुण्याला जायचं म्हणजे दिवस मोडतो. म्हणून गावातली बालसंरक्षण समिती जागी हवी. तिचा अध्यक्ष सरपंच, सचिव अंगणवाडी सेविका. पण मारणारा बहुधा दोघांपैकी कोणाच्या तरी भावकीतला निघतो, आणि सेविकेला रोज त्याच्याच दारावरून जायचं असतं. एकटीवर हा भार टाकू नये. १०९८ वर फोन शिक्षकाने करावा, पोलीस पाटलाने करावा, आणि देखरेखीला येणारा माणूस गावाबाहेरचा असावा.