वाऱ्याच्या वेळापत्रकावर

डिसेंबरातली पहाट. जयगडच्या खाडीत उभ्या असलेल्या तीसेक फुटी शिडाच्या बोटीवर एक जण नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उकिडवा बसून नांगराची साखळी हात-हात वर ओढतोय. साखळीला चिकटलेला काळा चिखल बादलीभर पाण्यानं धुवायचा, मगच ती आत घ्यायची, नाहीतर दिवसभर बोटीत खाडीचा वास. वारा जमिनीकडून येतोय, त्याला चुलीच्या धुराचा वास आहे. किनाऱ्यावर याला मतलई म्हणतात. ऊन चढलं की तो पडणार, म्हणून नांगर आत्ताच उचलायचा. चहा नंतर.

कोकण किनाऱ्यावर लहान शिडाच्या बोटीवर खलाशी म्हणून जाणाऱ्याचा दिवस या वाऱ्याच्या वेळापत्रकावर चालतो. रात्री जमीन लवकर निवते आणि पाणी उबदार राहतं, म्हणून हवा जमिनीवरून समुद्राकडे वाहते. दुपारी जमीन तापली की उलटा खेळ : खारा वारा सुटतो, बहुधा वायव्येचा, आणि सूर्य कलेपर्यंत जोर धरतो. या दोहोंच्या मध्ये सकाळी उशिरा समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट होतो आणि शीड लोंबकळत राहतं. डोळा लावायचा तर तो याच वेळी.

पूर्वी मंगळुरी कौलं भरून मुंबईकडे येणाऱ्या मचव्यांचे आणि पडावांचे तांडेल याच वाऱ्यांवर हिशेब बांधत. आज बोटीवर जीपीएस आणि छोटं इंजिन असतं, तरी हिशेब बदललेला नाही. मुंबई ते मुरगाव अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास आहे. पाच नॉटचा वेग राखला तर न थांबता दोन दिवसांत गोवा गाठता येतं, कारण दुपारचा वायव्य वारा पाठीशी असतो. परतताना तोच तोंडावर येतो. शिडाची बोट थेट वाऱ्याच्या तोंडात जाऊ शकत नाही. वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, अशी नागमोडी वाट काढावी लागते. नकाशावरचं अंतर तेवढंच, पाण्यावरचं कितीतरी जास्त.

नवख्याची खरी परीक्षा या वळणांवर होते. सुकाणूवरचा स्किपर ‘तयार?’ असं ओरडतो. एका बाजूच्या विंचवर, म्हणजे दोरी ताणायच्या फिरत्या गरगोट्यावर, दोरी ताणून धरलेला गडी ‘तयार’ म्हणतो, दुसऱ्या बाजूचा मोकळी दोरी विंचला दोन वेढे देऊन हातात घेतो. बोट वळू लागते, पुढचं शीड फडफडतं. याच क्षणी पहिल्यानं दोरी सोडायची, आणि वारा पलीकडून भरायच्या आत दुसऱ्यानं आपली भराभर ओढायची. दोन सेकंदांचा उशीर झाला तर शीड वाऱ्यानं भरतं आणि मग हँडल घालून, दात-ओठ खात, एकेक इंच दोरी आणावी लागते. दोरी हाताला गुंडाळायची नाही, विंचजवळ बोटं न्यायची नाहीत. वारा पाठीमागून असताना मोठ्या शिडाची आडवी दांडी, म्हणजे बूम, अचानक या बाजूची त्या बाजूला फिरते, तेव्हा डोकं खाली घालायचं. हे तीन नियम पहिल्याच दिवशी घोकून घेतले जातात.

इतक्या लहान बोटी किती लांब जातात? ‘सुहैली’ ही ३२ फुटी सागवानी बोट मुंबईत बांधली गेली आणि १९६४च्या डिसेंबरात पाण्यात उतरली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी भावाला आणि एका मित्राला बरोबर घेऊन ती मुंबईहून बाहेर काढली. पुढे १९६८-६९मध्ये याच बोटीतून त्यांनी एकट्यानं, कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा केली; असं करणारे ते पहिलेच. भारतीय नौदलाची ५५ फुटी ‘तारिणी’ गोव्यात दिवाडी बेटावर बांधली गेली. २०१७-१८मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी तिच्यातून जगाला फेरी मारली.

कोकणच्या सफरीत वादळापेक्षा जास्त धास्ती असते जाळ्यांची. रात्री पहाऱ्यावर दोघं असतात, एक सुकाणूवर आणि एक नजर ठेवायला. मासेमारीच्या जाळ्यांच्या टोकाला बांबूवर बावटा असतो, कुठे नुसता प्लॅस्टिकचा डबा तरंगत असतो. अंधारात दोन्ही दिसत नाहीत. दोरी पंख्यात किंवा सुकाणूत अडकली की बोट खिळते, मग कुणालातरी सुरी घेऊन पाण्यात उतरावं लागतं. लांबून एखादी होडी विजेरी हलवते, तेव्हा तो नमस्कार नसतो. ‘इकडे जाळं आहे, वळा’ असा निरोप असतो. पहाऱ्यावरचा लगेच दिशा बदलतो आणि वहीत वेळ टिपून ठेवतो.

पोट सांभाळणं हेही कामच. नवख्याला उलट्या होतातच. अशा वेळी खाली केबिनमध्ये न जाता वर बसून क्षितिजाकडे बघायचं, आल्याचा तुकडा चघळायचा. उन्हात माणशी तीन-चार लिटर पाणी सहज लागतं आणि टाकी छोटी असते, म्हणून भांडी खाऱ्या पाण्यानं घासून गोड्याचा एकच हात फिरवतात.

मालवणला पोचताना सगळे जागे असतात. १६६४मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याचं बांधकाम सुरू झालं, ते इथल्याच कुरटे बेटावर. भोवतालचे खडक हाच त्याचा पहिला तट. पाहुण्या बोटीला ते खडक आजही सोडत नाहीत. स्किपर इथं सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असतानाच आत शिरतो, कारण तेव्हाच पाण्याचे रंग वेगळे दिसतात. नाळेवर उभा असलेला एक जण हातानं खुणा करतो. निळं चालेल. हिरवट दिसलं की वेग कमी. तपकिरी डाग दिसला की थांबायचं.

नांगर पडतो. ओहोटीला चार मीटर पाणी असलं तरी भरतीला ते दोन मीटरनं वाढेल हे धरून, सहाच्या पाचपट, म्हणजे तीस मीटर साखळी सोडली जाते. मग पहाऱ्यावरचा किनाऱ्यावरच्या दोन खुणा हेरतो : पुढं एक माड, त्याच्या बरोबर मागं देवळाचा कळस. रात्री दर तासाला उठून तो त्या दिशेला बघणार आहे. दोन्ही एका रेषेत दिसले, तर परत झोप. माड सरकला, तर सगळ्यांना उठवायचं.