स्पिरिटचा स्टोव्ह आणि दिवा: भरण्यापासून विझवण्यापर्यंत

पंपाचा स्टोव्ह ज्यांनी पेटवला आहे, त्यांना काकडा आठवत असेल. स्पिरिटमध्ये भिजवलेला तो चिमटा बर्नरच्या मानेला लावून पेटवायचा, बर्नर तापला की पंप मारायचा. घरात स्पिरिट लागायचे ते एवढेच. ट्रेकला नेण्याचा वातीचा स्टोव्ह किंवा प्रयोगशाळेतला काचेचा दिवा मात्र पूर्णपणे स्पिरिटवरच चालतो. तिथे रॉकेलच्या सवयी कामाला येत नाहीत. उलट त्याच घात करतात.

का, ते आधी समजून घेऊ. ज्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगी मिळताच पेट घेऊ लागते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. आपल्याकडच्या रॉकेलचा तो निदान ३५ अंश सेल्सिअस असतो. स्पिरिटमधल्या इथेनॉलचा, म्हणजे उसाच्या मळीपासून होणाऱ्या अल्कोहोलचा, १३ अंशांच्या आसपास. त्यामुळे घरातल्या रोजच्या तापमानाला स्पिरिट सतत पेट घेण्याजोगी वाफ सोडत असते. ही वाफ हवेहून जड असते. ती खाली उतरते, जमिनीलगत पसरते आणि पलीकडच्या निरांजनापर्यंतही पोचू शकते.

टाकीतल्या मोकळ्या जागेतही हीच वाफ साठते. पेट्रोलच्या टाकीत ती सहसा इतकी दाट असते की जळायला हवा पुरत नाही. स्पिरिटच्या टाकीत मात्र आपल्याकडच्या हवामानात वाफ आणि हवा बहुतेक वेळा नेमक्या स्फोटक प्रमाणात मिसळलेल्या असतात. म्हणून संपत आलेली टाकी भरलेल्या टाकीहून जास्त धोक्याची.

आता इंधन. बाजारातले डिनेचर्ड स्पिरिट म्हणजे पिता येऊ नये म्हणून त्यात मुद्दाम काही मिसळलेले इथेनॉल. त्यात मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल असू शकते, आणि त्याचे दोन-चार चमचेही दृष्टी किंवा जीव घेऊ शकतात. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत स्पिरिट कधीही ओतून ठेवू नये. चुकून कुणी प्यायले, तर त्रास सुरू होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. मिथेनॉलची लक्षणे उशिरा दिसतात.

साधनही स्पिरिटसाठीच बनवलेले हवे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने निम्मे पाणी असलेल्या इथेनॉलवर चालणारा स्टोव्ह विकसित केला, तोही खास या इंधनासाठी बांधलेला. रॉकेलच्या स्टोव्हमध्ये स्पिरिट ओतू नये. रॉकेलच्या कंदिलात तर त्याचा उपयोगही नाही: कंदिलाचा पिवळा उजेड ज्योतीतल्या तापलेल्या काजळीच्या कणांचा असतो आणि स्पिरिट जवळजवळ काजळीशिवाय जळते. उजेड पडेना म्हणून वात वर काढली की फक्त आग वाढते. स्पिरिटच्या दिव्यातून उजेड हवा असेल, तर ज्योतीत तापून स्वतः उजळणारी जाळी (मँटल) लागते.

भरताना साधन सपाट जागी ठेवून नरसाळे वापरावे. काचेचा दिवा दोन तृतीयांशाहून जास्त भरू नये आणि पाव भागाखाली उतरू देऊ नये. सांडलेले पुसून ते फडके घराबाहेर वाळत टाकावे. बाटलीचे बूच लावून ती दूर ठेवावी, हात धुवावेत, मगच काडी ओढावी. एका दिव्यावर दुसरा तिरपा करून पेटवण्याची सवय मुलांना लागते. तिथेच त्यांना थांबवा.

जळताना खिडकी उघडी असावी. बंद खोलीत प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू साचू शकतो. स्पिरिटचा हीटर पेटता ठेवून झोपणे म्हणूनच जिवाशी खेळ आहे. भांडे ज्योतीला दाबून बसत असेल, तर ज्वलन अर्धवट होते. डोळे चुरचुरू लागले की भांडे थोडे उंच करा.

विझवताना फुंकर नको; ज्योत मानेतून आत ढकलली जाऊ शकते. टोपण ठेवावे. काचेच्या दिव्याचे टोपण ठेवल्यावर एकदा उचलून पुन्हा ठेवावे, नाहीतर गार होताना ते घट्ट बसते.

आणि आता सर्वांत नाजूक क्षण, पुन्हा भरण्याचा. लिटरभर स्पिरिट लिटरभर रॉकेलच्या सुमारे तीन पंचमांशच उष्णता देते, त्यामुळे हा क्षण वारंवार येतो. चहा अर्धवट असतो, स्टोव्ह विझल्यासारखा दिसतो, आपण बाटली वाकडी करतो. पण स्पिरिटची निळसर ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. ती धारेवरून बाटलीच्या तोंडाशी पोचते, आतली वाफ पेटते आणि जळते स्पिरिट पिचकारीसारखे समोरच्या माणसावर उडते. समोर बहुधा घरचेच कुणी बसलेले असते. म्हणून टोपण ठेवावे, साधन हाताला पूर्ण गार लागेपर्यंत थांबावे, आणि मोठ्या बाटलीतून थेट न ओतता लागेल तेवढेच छोट्या मापात काढून आणावे. चहा राहिला तर राहू द्या.

तरीही पेट घेतलाच, तर लहान आगीवर झाकण किंवा ओले जाड फडके टाकावे. स्पिरिट पाण्यात मिसळते, त्यामुळे भरपूर पाण्याने ते विझते. पण पेलाभर पाण्याने जळता ओघळ फक्त पुढे सरकतो, कारण निम्मे पाणी मिसळलेले स्पिरिटही पेटते. भाजलेली जागा वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरा, आणि कपड्यांना आग लागली असेल तर पळू न देता माणसाला जमिनीवर लोळवा.