हापूसमध्ये साका, ‘रत्ना’मध्ये नाही, तरी बाजारात हापूसच का?

बाहेरून पिवळाधमक दिसणारा हापूस कापला आणि आत पांढरट, स्पंजासारखा आंबट गर निघाला, तर तो साका. फळ कापल्याशिवाय तो सहसा कळत नाही. पेटी ग्राहकाच्या घरी उघडते आणि बोल बागायतदाराला लागतो. त्यात हापूसची झाडे बहुधा वर्षाआड भरभरून फळतात.

यावर उपाय ४० वर्षांपूर्वीच सापडला आहे. कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्राने १९८१ मध्ये ‘रत्ना’ ही जात दिली. नीलम आणि हापूस यांचा हा संकर. दरवर्षी फळण्याचा गुण नीलमचा, रंग आणि स्वाद हापूसच्या वळणाचा. यात साका होत नाही, फळ हापूसपेक्षा मोठे आणि गर बिनरेषेचा.

साक्याचे मूळ कोयीत असावे, असे बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतील अभ्यासातून पुढे आले. फळ झाडावर असतानाच कोय रुजण्याच्या तयारीला लागते आणि भोवतालच्या गरातले पाणी ओढून घेते. वेंगुर्ल्यानेच रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ मध्ये दिलेल्या ‘सिंधू’ची कोय मात्र अगदी पातळ आहे.

अशी जात तयार करणे चिकाटीचे काम. मोहोरातली बहुतेक फुले नर असतात. हाताने परागीकरण केले तरी बरीच फळे गळतात. टिकलेल्या फळात एकच कोय, तिचे एकच रोप आणि त्याला फळ धरेपर्यंत काही वर्षांची वाट. मग चव पाहायची. बहुतेक रोपे तिथेच बाद.

मग रत्ना मागे का? ग्राहक नाव विचारून पेटी घेतो. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. रत्ना त्या नावाने विकता येत नाही. जुनी बाग काढून नवी लावली, तर मधली काही वर्षे उत्पन्न नाही आणि पुढे भाव मिळेल याची खात्रीही नाही. त्यामुळे बागायतदाराला दोष देण्यात अर्थ नाही.

परसातल्या झाडाला ही अडचण नाही. तिथे रत्ना लावावा. जागा कमी असेल, तर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची ‘आम्रपाली’ बरी. दशहरी आणि नीलमच्या या संकराचे झाड ठेंगणे राहते. मात्र कलमच घ्यावे, तेही विद्यापीठाच्या किंवा शासकीय रोपवाटिकेतून. खाल्लेल्या आंब्याची कोय पेरली, तर आईसारखे फळ येईलच असे नाही.