मंदीच्या दशकातली म्युनिसिपालटी

१९३० च्या दशकात मुंबई इलाख्यातल्या शहरांचा कारभार मुख्यतः दोन कायद्यांखाली चाले. लहान शहरांना १९०१ चा डिस्ट्रिक्ट म्युनिसिपल कायदा लागू होता. सुरत, पुणे, सोलापूर अशा मोठ्या शहरांसाठी १९२५ चा बरो म्युनिसिपालटी कायदा झाला होता. सुरतेची म्युनिसिपालटी १८५२ पासूनची. गुजराती लोक तिला सुधराई म्हणत. १९३१ च्या शिरगणतीत सुरतेची वस्ती सुमारे ९९ हजार भरली, म्हणजे आजच्या एखाद्या तालुक्याच्या गावाइतकी. खानदेशातल्या धुळे, जळगाव, अमळनेर या म्युनिसिपालट्या तिच्याहून लहान होत्या. कामाची तऱ्हा मात्र सगळीकडे सारखीच होती: दिवाबत्ती, झाडलोट, पाणी, शाळा, दवाखाना, बाजार, आणि या सगळ्यासाठी लागणारा पैसा.

म्युनिसिपालटीचा अधिकार हद्दीपुरता होता आणि हद्द ओलांडली की कारभाराचे रूपच बदले. उदाहरणार्थ, सुरतेच्या दक्षिणेला उधना आणि सचिन या स्टेशनांच्या मध्ये असलेले भेस्तान तेव्हा चोऱ्याशी तालुक्यातले खेडे होते. सुरतेच्या म्युनिसिपालटीशी त्याचा संबंध आला तर शहरात माल नेताना जकात नाक्यावर. गावचा रस्ता, विहीर, शाळा हे लोकल बोर्डाचे काम, आणि लोकल बोर्डाचा मोठा आधार म्हणजे शेतसाऱ्यावर बसणारा लोकल फंड. रुपयामागे एक आणा हा त्याचा जुना दर. सारा थकला की लोकल फंडही थकला आणि रस्त्यावर पडायचा मुरूम पुढच्या वर्षावर गेला. दक्षिणेला सचिनच्या नवाबाचे संस्थान होते आणि त्याच्यापुढे गायकवाडांचा नवसारी प्रांत. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्येच प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. त्यामुळे काही कोसांच्या अंतरावरच्या मुलांचे शिक्षण ती कोणत्या हद्दीत जन्मली यावर ठरे.

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. त्याचा हिंदुस्थानातल्या लहान शहरांना बसलेला धक्का शेअरच्या भावातून आला नाही, शेतमालाच्या भावातून आला. कलकत्त्याच्या घाऊक किमतींचा निर्देशांक १९१४ साली १०० धरला, तर १९२९ मध्ये तो १४१ होता, १९३१ मध्ये ९६ झाला आणि १९३३ मध्ये ८७ वर आला. सुरत, भडोच आणि खानदेश हे कापसाचे प्रदेश. कापसाचा भाव गडगडला तेव्हा शेतकऱ्याच्या हातात रोकड उरली नाही, सारा आणि व्याज मात्र जुन्याच आकड्यांनी चालू राहिले. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णमान सोडल्यावर सोन्याचा भाव चढला आणि घराघरातले दागिने सराफाच्या तराजूत गेले. ते विकून लोकांनी सारा भरला, सावकाराचे व्याज दिले आणि काहींनी घरपट्टीही भरली.

म्युनिसिपालटीच्या उत्पन्नात जकातीचे वजन मोठे होते. शहरात शिरणाऱ्या प्रत्येक वाटेवर नाका असे. पहाटे खेड्यातली गाडी तिथे येऊन थांबे. नाक्याचा कारकून गाडीतला माल पाही, गुळाच्या ढेपा आणि तुपाचे डबे मोजी, लाकूडफाट्याचा अंदाज घेई, दराचे कोष्टक बघून पैसे घेई आणि पावती फाडून देई. माल शहरात न विकता नुसता पार जायचा असेल, तर आधी भरलेली जकात दुसऱ्या टोकाच्या नाक्यावर दाखला देऊन परत मिळवता येई. हा परतावा मिळवणे व्यापाऱ्याला जमे, कारण त्याच्याकडे मुनीम होता. दोन पोती घेऊन आलेल्या शेतकऱ्याला त्यासाठी दिवस घालवणे परवडत नसे.

मंदीने या करातला एक खोल दोष उघडा पाडला. काही मालावर जकात किमतीच्या प्रमाणात असे, काहींवर वजनावर किंवा नगावर. किमतीवर आकारलेली जकात भाव उतरले की आपोआप घटे आणि तोटा म्युनिसिपालटीला होई. वजनावरची जकात तशीच राही आणि तोटा माल आणणाऱ्याला होई. समजा, एक मण गुळावर दोन आणे जकात आहे. गुळाचा भाव मणाला सहा रुपये असताना ती किमतीच्या दोन टक्क्यांच्या आसपास पडते. भाव तीन रुपयांवर आला की तीच दोन आण्यांची जकात चार टक्क्यांवर जाते. दर वाढवण्याचा ठराव कोणी केला नाही, सभेत चर्चाही झाली नाही, आणि तरी गरिबाच्या मालावरचा कर दुप्पट झाला. त्या काळातल्या नागरी करांचा विचार करताना ही गोष्ट सगळ्यात आधी ध्यानात घ्यायला हवी.

घरपट्टीची अडचण वेगळी होती. ती घराच्या वार्षिक भाड्याच्या अंदाजावर बसे आणि आकारणी दर वर्षी नव्याने होत नसे. भाडी उतरली, गाळे रिकामे पडले, तरी बिल जुन्याच आकड्याचे येई. मग आकारणीविरुद्ध हरकतींचे अर्ज येत, त्यांची सुनावणी होई, थोडीफार सूट मिळे. ज्यांनी बिल भरले नाही त्यांना मागणीची नोटीस जाई आणि त्यानंतर जप्तीचे वॉरंट. भांडीकुंडी जप्त करून लिलाव करण्याचा अधिकार कायद्याने दिलेला होता, पण तो वापरणे निवडून आलेल्या सभासदाला जड जाई: थकबाकीदार त्याच्याच आळीतला आणि त्याचाच मतदार. म्हणून वसुलीचा विषय सभेत वारंवार येई आणि वारंवार तहकूब होई. थकबाकी वर्षानुवर्षे पुढे ओढली जाण्याचे हे साधे कारण आहे. त्यात पाण्याच्या किंवा गटारांच्या कामासाठी पूर्वी कर्ज काढलेले असले, तर हप्ता ठरलेल्या रुपयांतच भरावा लागे. उत्पन्न आटत असताना अंदाजपत्रकातली तीच एक रक्कम कमी करता येत नसे.

या सगळ्या हिशेबांचा जवळून विचार करणारा एक मराठी माणूस मंदीच्या तोंडापर्यंत सुरतेत होता. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ १९२५ ते १९३० या काळात सुरतेच्या एम. टी. बी. कॉलेजचे प्राचार्य होते. १९३० मध्ये ते पुण्याला गेले आणि गोखले अर्थशास्त्र संस्थेचे काम त्यांनी उभे केले. शेतमालाचे भाव, शहरांची पाहणी आणि सहकार हे पुढे त्यांच्या अभ्यासाचे विषय झाले.

पैसा आटला की कात्री कुठे लागे? रस्त्याच्या दुरुस्तीला सर्वांत आधी, कारण खड्डा तक्रार करतो पण संप करत नाही. त्यानंतर दिवाबत्तीला. बहुतेक लहान शहरांत रस्त्यावर रॉकेलचे कंदील होते. दिवे लावणारा माणूस खांद्यावर शिडी आणि हातात तेलाचा डबा घेऊन संध्याकाळी निघे. काच पुसणे, वात कापणे, तेल घालणे हे त्याने प्रत्येक खांबावर करायचे. चांदण्या रात्री दिवे न लावण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी होती. पंचांग पाहून तेल वाचवायचे, हा म्युनिसिपालटीच्या काटकसरीचा जुना मार्ग. पावसाळ्यात पौर्णिमेला ढग भरून आले की गाव अंधारात राही आणि पुढच्या सभेत त्याच्यावर प्रश्न येई.

झाडलोटीला कात्री लावणे अवघड होते. मैला डोक्यावरून आणि गाड्यांतून वाहून नेण्याचे काम ज्या जातींवर लादले होते, त्यांच्यावाचून शहर चार दिवसही चालले नसते. तरीही म्युनिसिपालटीच्या पगारपत्रकात त्यांची जागा तळाला असे. त्यांच्या कष्टातून म्युनिसिपालटीला उत्पन्नही मिळे, कारण मैला आणि कचरा कुजवून झालेले सोनखत शेतकऱ्यांना विकले जाई. जकात आणि घरपट्टी घसरत असताना सोनखताचा लिलाव, बाजारातल्या गाळ्यांचे भाडे, कत्तलखान्याची फी, रस्त्याकडेच्या चिंचा-आंब्यांच्या फळांचा मक्ता अशा किरकोळ बाबींनाही महत्त्व आले.

शाळांचा खर्च सगळ्यांत मोठ्या बाबींपैकी एक होता. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे आला आणि वाढीव खर्चात सरकारने वाटा उचलायचा ठरले. मंदीत प्रांतिक सरकारच काटकसरीला लागले. सरकारी नोकरांच्या पगारात १९३१ च्या अखेरीस दहा टक्के कपात झाली, अनुदानांनाही हात लागला आणि सक्तीच्या शिक्षणाच्या नव्या योजना रेंगाळल्या. भाव उतरल्यामुळे कायम नोकरी असलेल्या शिक्षकाचे घर तसे बरे चालले. खरे नुकसान झाले ते ज्या वस्तीत शाळा निघायची होती आणि निघाली नाही, तिथल्या मुलांचे. त्याची नोंद कोणत्याही जमाखर्चात सापडत नाही.

म्युनिसिपालटीची सभा कशी चाले? आधी विषयपत्रिका सभासदांच्या घरी पोचे. सभेत मागील बैठकीचे इतिवृत्त वाचून कायम होई, मग जमाखर्चाचा तक्ता आणि त्यानंतर अर्ज. एकाने रस्त्यावर ओटा पुढे काढला आहे, शेजाऱ्याची हरकत आहे. दुसऱ्याला माडी चढवायची परवानगी हवी. तिसऱ्या आळीची मोरी तुंबली. भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त, देवी टोचणाऱ्याचा मुक्काम, यात्रेसाठी जादा पाणी, जकात कारकुनाच्या रजेचा अर्ज. सूचना, अनुमोदन, दुरुस्ती, मतमोजणी, ठराव. हे वाचताना कंटाळवाणे वाटते, पण ज्या देशात कायदे करण्याचा शेवटचा अधिकार परक्यांच्या हाती होता, तिथे वकील, व्यापारी, डॉक्टर आणि जमीनदार यांनी लोकशाहीचे व्याकरण याच टेबलाभोवती गिरवले. मताचा हक्क मुख्यतः कर आणि मालमत्ता यांवर अवलंबून होता, त्यामुळे ज्यांच्या आळीची मोरी सर्वांत घाण, त्यांतल्या बहुतेकांना मत नव्हते. ठरावांवर कलेक्टर आणि कमिशनर यांची नजर असे आणि आक्षेपार्ह ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार त्यांना होता.

सुरतेला ही नजर चांगली ठाऊक होती. असहकाराच्या लढ्यात शाळांवरचे सरकारी नियंत्रण झुगारल्याबद्दल १९२२ मध्ये तिची म्युनिसिपालटी सरकारने बरखास्त केली होती. १९३० मध्ये दांडीयात्रा सुरतेवरून दिंडोलीमार्गे पुढे गेली. हे दिंडोली भेस्तानच्या शेजारचे. त्याच सुमारास, ६ एप्रिल १९३० रोजी, सोलापूरच्या म्युनिसिपालटीने आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकवला. मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला. अनेक ठिकाणी सभासद तुरुंगात गेले, आणि तरीही मोरीचे आणि दिव्याचे अर्ज येतच राहिले, कारण नागरिकांची रोजची गरज थांबत नव्हती.

एका लहान म्युनिसिपालटीचा एक ठराव किती दूर जाऊ शकतो, हे महाडने दाखवले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला. महाड म्युनिसिपालटीने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे ठरवले. तिचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस डॉ. आंबेडकरांच्या बाजूने उभे राहिले. ठराव कागदावर होता. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तळ्यावर जाऊन पाणी प्यायले तेव्हा तो अमलात आला. सत्याग्रहींना मारहाण झाली आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी म्युनिसिपालटीने आपलाच ठराव मागे घेतला. मग तळे खाजगी आहे असा दावा काही सवर्णांनी कोर्टात लावला आणि तो मंदीची सारी वर्षे चालला. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल आंबेडकरांच्या बाजूने दिला. निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड हे सुरत जिल्ह्यालाही परिचित होते: बारडोलीच्या सत्याग्रहानंतर तिथल्या साऱ्याची चौकशी मॅक्सवेल यांच्याबरोबर त्यांनीच केली होती. तळे कोणाचे, हा प्रश्न इतक्या लांब गेला तो एका म्युनिसिपालटीच्या ठरावामुळे. त्या काळातल्या पालिकांनी केलेल्या कामात याच्याइतके मोलाचे दुसरे सापडणे कठीण, आणि ते करणाऱ्या पालिकेनेच ते मोडायचा प्रयत्न केला, हेही तितकेच खरे.

दशकाच्या अखेरीस भाव सावरू लागले. १९३७ मध्ये प्रांतिक स्वायत्तता आली आणि बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ सत्तेवर बसले. पाठोपाठ आलेल्या महायुद्धाने महागाई आणली आणि मंदीचे प्रश्न मागे पडले. जकात मात्र टिकली. गुजरातच्या महापालिकांतून ती २००७ मध्ये गेली, मुंबईतून २०१७ मध्ये.

सुरतेची महापालिका १ ऑक्टोबर १९६६ रोजी झाली. शहर दक्षिणेकडे वाढत गेले, यंत्रमाग आणि कापडाच्या कामासाठी खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे लिंबायत, उधना, पांडेसरा, भेस्तान या भागांत स्थिरावली आणि एके काळचे लोकल बोर्डाचे खेडे महापालिकेच्या हद्दीत आले. भेस्तानच्या रहिवाशाला आज नाक्यावर कोणी अडवत नाही. तो सुरत महापालिकेला घरपट्टी भरतो आणि तिच्या निवडणुकीत मत देतो.