कॉलर, खिळे आणि प्रवेशद्वार

मी ज्या क्लबचा सदस्य आहे, तो बंगालमधील अनेक जुन्या क्लबांपैकी एक आहे. त्याचे नाव येथे महत्त्वाचे नाही. त्याच्या गोल्फ मैदानाच्या प्रवेशद्वारापाशी काचेच्या चौकटीत एक सूचना लावलेली आहे. पुरुष खेळाडूंनी कॉलरचा सदरा व पूर्ण लांबीची पँट घालावी, सदरा खोचलेला असावा. जीन्स, गोल गळ्याचे टी-शर्ट, चपला आणि ‘अनौपचारिक भारतीय वेश’ यांना मैदानावर परवानगी नाही, असे ती सांगते. त्या सूचनेचा मसुदा माझा आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी शासकीय पदाच्या ओघाने मी क्लबच्या समितीवर होतो, आणि ज्याला टिपणी लिहिता येते त्याच्याकडेच मसुदे येतात, हा सचिवालयातील नियम क्लबांतही चालतो. ‘अनौपचारिक भारतीय वेश’ हे शब्द सुचल्याचा तेव्हा मला थोडा अभिमानही वाटला होता. धोतर, लुंगी, पायजमा यांपैकी कोणाचेही नाव न घेता सर्वांना बाहेर ठेवण्याची सोय त्या तीन शब्दांत झाली होती.

गेल्या जानेवारीत क्लबने कॅडींच्या मुलांसाठी सकाळचे विनामूल्य प्रशिक्षण सुरू केले. उपक्रम चांगला होता आणि सदस्यांनी त्यासाठी जुन्या काठ्याही दिल्या होत्या. पहिल्याच दिवशी चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा दारापाशी अडवलेला मी पाहिला. त्याच्या अंगात मोहन बागानची हिरवी-तांबडी जर्सी होती आणि तिला कॉलर नव्हती. मुलाचे वडील क्लबचा गणवेश घालून आत उभे होते. त्या गणवेशाला कॉलर आहे. मी पहारेकऱ्याला कारण विचारले. तो नम्रपणे म्हणाला, “सर, लिहिलेलं आहे,” आणि त्याने काचेच्या चौकटीकडे बोट दाखवले. माझ्याकडे उत्तर नव्हते. मुलगा थोडा वेळ थांबून निघून गेला.

गोल्फच्या मैदानावर पोशाखाचे नियम असावेत की नसावेत, हा प्रश्न देशापुढील मोठ्या प्रश्नांत गणला जाणार नाही, याची मला कल्पना आहे. तरीही या शहरात राहणाऱ्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला तो किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही, कारण कोणाच्या पायांत काय आहे यावरून कोणाला कुठवर येऊ द्यायचे, हा वाद कोलकात्यात दीडशे वर्षांहून जुना आहे.

१८५४ मध्ये गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलने एक ठराव केला होता. सरकारी व निमसरकारी समारंभांत विलायती बूट घालून येणाऱ्या ‘नेटिव्ह’ सद्गृहस्थांना ते पायांत ठेवून वावरण्याची मुभा त्याने दिली. देशी पादत्राणे मात्र दाराबाहेर काढावी लागत. त्यामागील युक्तिवाद कोणाही प्रशासकाला मोहात पाडील असा होता. मान्यवरांसमोर जोडे काढणे हा तुमचाच रिवाज आहे, आम्ही फक्त त्याचा आदर करतो, असे राज्यकर्ते म्हणत. अपमानाला शिष्टाचाराचे नाव मिळाले की त्याविरुद्ध तक्रार करणेच असभ्य ठरते.

या व्यवस्थेचा अनुभव १८७४च्या जानेवारीत ईश्वरचंद्र विद्यासागर यांना आला. काशीचे भारतेंदु हरिश्चंद्र यांच्यासोबत ते पार्क स्ट्रीटवरील एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत गेले होते; इंडियन म्युझियमचा संग्रह तेव्हा तिथेच होता. विद्यासागरांचा वेश नेहमीचा होता: धोतर, अंगावर चादर आणि पायांत देशी चपला. विलायती बूट घातलेल्या सोबत्यांना कोणी अडवले नाही. विद्यासागरांना मात्र चपला काढून हातात धरण्यास सांगण्यात आले. संस्कृत कॉलेजचे माजी प्राचार्य, विधवाविवाहाच्या कायद्यामागची मोठी शक्ती, बंगाली गद्याचा एक निर्माता, ही ओळख त्या दारात उपयोगी पडली नाही. ते परतले आणि त्यांनी म्युझियमच्या विश्वस्तांना पत्र लिहिले. जोडे पायांत असणे असभ्य असेल, तर विलायती जोड्यांना सूट कशी, हा त्यातील मुख्य प्रश्न होता. पुढे विश्वस्त आणि सोसायटी यांच्यात कागद फिरत राहिले. आदेश नक्की कोणाचा, हेच ठरत नव्हते. चौतीस वर्षे फायली हाताळलेल्या माणसाला तो पत्रव्यवहार फार परिचयाचा वाटतो.

मराठी वाचकांना येथे महात्मा फुले यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीला ते मुद्दाम शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि हा खरा हिंदुस्थान आहे, हे त्यांनी राजपुत्राच्या तोंडावर सांगितले. विद्यासागर आपल्या रोजच्या कपड्यांत गेले होते, तर फुल्यांनी कपड्यांचीच साक्ष काढली. या दोन प्रसंगांतील हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

आता गोल्फकडे वळू. कोलकात्यातील गोल्फ क्लब १८२९चा आहे आणि ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना म्हणून तो ओळखला जातो. सुरुवात दमदमला झाली. आज त्याचे मैदान टॉलीगंजला आहे. ‘रॉयल’ ही उपाधी त्याला १९११च्या राजभेटीच्या निमित्ताने मिळाली. त्याच वर्षी २९ जुलैला, याच शहरात, मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली. त्यांच्या अकरांपैकी दहा जण अनवाणी खेळले होते. एकाच वर्षी एका खेळाला राजाकडून किताब मिळाला आणि दुसऱ्या खेळाने अनवाणी पायांनी राजाच्या शिपायांना नमवले. माझ्या मसुद्याने अडवलेली जर्सी त्या दुसऱ्या परंपरेतली होती, हे ध्यानात यायला मला घरी पोहोचावे लागले.

गोल्फमधील पोशाखाचा उगम मुळात प्रतिष्ठेत नव्हता, ही गोष्ट क्लबांतील फार थोड्यांना ठाऊक असते. लंडनजवळच्या ब्लॅकहीथसारख्या सार्वजनिक माळरानांवर खेळणारे जुने खेळाडू लाल कोट घालत, ते चेंडूच्या वाटेत येणाऱ्या वाटसरूंना दुरून इशारा मिळावा म्हणून. खेळाचे माहेर मानल्या जाणाऱ्या सेंट अँड्र्यूजचे मैदान आजही सार्वजनिक जमिनीवर आहे. रविवारी तिथे खेळ बंद असतो आणि गावकरी कुत्र्यांना घेऊन हिरवळीवर फिरतात. लाल कोट हा इतरांसोबत जमीन वाटून घेण्याचा नियम होता. आपल्याकडे आला तेव्हा हा खेळ कुंपणासह आला आणि कपड्यांच्या नियमाचे काम बदलले.

खेळाच्या नियमपुस्तिकेत कॉलर सक्तीची नाही. ज्या अटींमागे मैदानाची काळजी आहे त्या मला मान्य आहेत. बुटांचे लोखंडी खिळे ग्रीनवरील बारीक गवत उखडतात, म्हणून जगभर मऊ खिळ्यांचे बूट आले. उंच टाचांमुळेही तेच होते. चेंडू ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने सुटतो तेथे बंद बूट असणे शहाणपणाचे आहे. पण कॉलरने कोणते गवत वाचते? मे महिन्याच्या दमट उकाड्यात अर्धी चड्डी घातल्याने कोणत्या फेअरवेची हानी होते? अमेरिकेच्या पीजीए टूरनेही २०१९ पासून सराव फेऱ्यांत व्यावसायिक खेळाडूंना अर्ध्या चड्डीची मुभा दिली आहे. आम्ही मात्र ज्यांची नक्कल केली त्यांच्याहून अधिक कर्मठ राहिलो.

समितीतील माझे जुने सहकारी या टप्प्यावर एक आक्षेप घेतील आणि तो पोकळ नाही. गरियाहाटच्या पदपथावर कॉलरचा टी-शर्ट चांगल्या सुती कुर्त्यापेक्षा स्वस्त मिळतो. पोशाखाचा नियम गरिबाला अडवतो हे म्हणणे म्हणूनच ढोबळ आहे. गरिबाला अडवते ते सदस्यत्वाचे शुल्क आणि त्यासाठीची अनेक वर्षांची प्रतीक्षा. उलट सर्वांना एकच वेश असला की श्रीमंतीचे प्रदर्शन कमी होते, असेही कोणी म्हणेल. शाळेच्या गणवेशाबाबत हे खरे आहे. क्लबात मात्र गणवेश दोन असतात, एक सदस्याचा आणि एक कॅडीचा, आणि दोहोंचा उपयोग दुरूनच कोण कोण आहे ते ओळखण्यासाठी होतो. नियमाची किंमत कपड्याच्या किमतीत मोजता येत नाही. तो कोणाला ठाऊक आहे आणि कोणाला दारात आल्यावर कळतो, यावर ती ठरते.

शिवशंकर प्रसाद चौरासिया यांचे उदाहरण येथे द्यायला हवे. त्यांचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या मैदानाची निगा राखणारे कर्मचारी होते. मुलगा तेथेच वाढला आणि कॅडी म्हणून काम करता करता बघून बघून खेळ शिकला. २००८ मध्ये त्यांनी दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकली, २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षे इंडियन ओपन जिंकली आणि रिओ ऑलिम्पिकमध्ये देशाचे प्रतिनिधित्व केले. सदस्य त्यांच्याबद्दल अभिमानाने बोलतात, मीही बोलतो. पण ते कुंपणाच्या आतच राहत होते, म्हणून खेळापर्यंत पोहोचले. दारातून आत येण्याचा प्रयत्न करणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी असते.

दारावरचा हा प्रश्न एकट्या बंगालचा नाही. १९८८ मध्ये मकबूल फिदा हुसेन यांना मुंबईच्या विलिंग्डन क्लबातून अनवाणी असल्यामुळे परतावे लागले. हा क्लब लॉर्ड विलिंग्डन यांनी भारतीयांनाही प्रवेश मिळावा म्हणून स्थापन केला होता, हे विसरता येत नाही. २०१७च्या जूनमध्ये दिल्ली गोल्फ क्लबात पाहुणी म्हणून आलेल्या एका खासी महिलेला जैनसेम या पारंपरिक वेशामुळे जेवणाच्या दालनातून जाण्यास सांगण्यात आले. पुढच्याच महिन्यात कोलकात्यातील एका मॉलच्या दारात चित्रपट दिग्दर्शक आशिष अविकुंठक यांना धोतरामुळे रोखले गेले, आणि ते इंग्रजीत बोलू लागल्यावर सोडण्यात आले, असे सोबतच्या व्यक्तीने जाहीरपणे लिहिले. तेथे विलायती बुटांची जागा विलायती भाषेने घेतली होती.

कायद्याने यात पडावे का? २०१४ मध्ये चेन्नईतील एका क्रिकेट क्लबात मद्रास उच्च न्यायालयाच्या विद्यमान न्यायमूर्तींना वेष्टीमुळे प्रवेश नाकारण्यात आला आणि काही आठवड्यांत तमिळनाडू विधानसभेने कायदा केला. पारंपरिक भारतीय वेशामुळे प्रवेश नाकारणाऱ्या क्लबाचा परवाना रद्द होऊ शकतो, जबाबदार व्यक्तीला एक वर्षापर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. अडवला गेलेला माणूस न्यायमूर्ती नसता, तर हा वेग दिसला असता का, ही शंका मी येथे नोंदवून ठेवतो. शिवाय हा कायदा वेष्टीला संरक्षण देतो, गोल गळ्याच्या जर्सीला नाही. परंपरेच्या नावाने दार उघडले की परंपरेत न बसणारा पुन्हा बाहेरच राहतो.

राज्यघटनेच्या १५व्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान या आधारांवर सार्वजनिक ठिकाणी मज्जाव करण्यास मनाई आहे. त्या यादीत पोशाख नाही. दुसरीकडे १९व्या अनुच्छेदाने संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य दिले आहे आणि खासगी मंडळाला आपले नियम करण्याचा हक्क त्यातून येतो. स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या पैशाने चालणाऱ्या क्लबाने आपल्या सदस्यांना टाय बांधायला लावली, तर तुरुंगाची भाषा शासनाने करू नये, असे मी मानतो. पण देशातील अनेक गोल्फ मैदाने सरकारी भाडेपट्ट्यावरील जमिनीवर आहेत, दिल्लीचे हे मैदानही त्यांपैकीच. एक मैदान म्हणजे पन्नास-साठ हेक्टर मोकळी जमीन, तीही शहरात. अशा ठिकाणी फौजदारी कायद्याची गरजच नाही. पट्ट्याचे नूतनीकरण करताना एक अट घालता येते: खेळ किंवा मैदान यांच्या सुरक्षिततेशी संबंध नसलेल्या पोशाखाच्या कारणावरून खेळाडू, पाहुणा अथवा प्रशिक्षणार्थी यांना प्रवेश नाकारला जाणार नाही. महसूल विभागातील कोणताही उपसचिव हे कलम एका दुपारी लिहू शकेल. ते आजवर लिहिले गेले नाही, याचे एक कारण असेही असू शकते की तो उपसचिव संध्याकाळी त्याच क्लबात जातो. मीही जात असे.

पुढच्या आठवड्यात तो मुलगा पुन्हा आला. या वेळी अंगात वडिलांचा जुना गणवेशाचा सदरा होता. खांदे उतरलेले, बाह्या कोपरापर्यंत. काठी मागे नेताना कापड दंडात अडकत होते आणि प्रशिक्षक त्याला सारखे खांदा सैल सोडायला सांगत होते. पहारेकऱ्याने त्याला अडवले नाही.

त्या संध्याकाळी मी क्लबच्या सचिवांना सूचनेचा नवा मसुदा पाठवला. त्यात दोनच वाक्ये आहेत: ‘मैदानावर बंद बूट घालावेत. बुटांना लोखंडी खिळे नसावेत.’ सचिवांनी पोच दिली आहे. समितीची बैठक अद्याप झालेली नाही.