माळढोकाचा माळ आणि शेतकऱ्याचे शिवार

वन्य पक्ष्यांचे संरक्षण म्हटले की, घनदाट अरण्याचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पठारावरील कित्येक पक्ष्यांचा संसार उघड्या माळावर आणि कोरडवाहू शेतातच चालतो. चंडोल, तित्तर, लावा, धाविक हे जमिनीवर घरटे करणारे पक्षी होत. या साऱ्यांत मोठा आणि आज सर्वाधिक संकटात असलेला पक्षी म्हणजे माळढोक.

सुमारे एक मीटर उंचीच्या या पक्ष्याच्या नराचे वजन १५ किलोपर्यंत भरते. मादी पावसाळ्यात उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. पायाखाली ते फुटले किंवा कुत्र्याने पळविले, तर त्या हंगामाची वीण वाया जाऊ शकते. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, ज्वारी-बाजरीचे दाणे, भुईमूग आणि बोरे हे त्याचे खाद्य. विणीसाठी गवत आणि चाऱ्यासाठी शिवार अशी दुहेरी गरज असल्याने त्याला निव्वळ राखीव कुरण पुरत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे १९७० नंतरच्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली गवताची कुरणे राखण्यात आली आणि तेथे माळढोकाची वीण होत असल्याचे आढळले. १९७९ मध्ये सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. मात्र त्यात गावे व खाजगी शेतजमिनीही आल्याने जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली. ज्या शेतकऱ्याच्या शिवारात हा पक्षी चरतो, त्यालाच तो अडचणीचा वाटू लागला. पुढे २०१२ मध्ये हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले.

दरम्यान शिवाराचे रूपही पालटले. पाणी आले तेथे ज्वारी, करडई व कडधान्यांची जागा उसाने घेतली. उंच, दाट उसात या पक्ष्याला वावरता येत नाही. पडीक समजून माळ नांगरले गेले वा त्यांवर झाडे लावली गेली. विजेच्या तारा नेमक्या समोर असूनही त्याला वेळीच दिसत नाहीत व तो त्यांवर आदळतो. परिणामी, सोलापूरच्या माळावर आज माळढोकाचे दर्शन जवळजवळ दुर्मीळच झाले आहे. राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यातील सम येथे २०१९ पासून त्याच्या कृत्रिम प्रजननाचा प्रयत्न होत आहे. परंतु तेथे वाढलेली पिले सोडावयाची, तर सुरक्षित माळ शिल्लक असावयास हवा.

या कामी शेतकऱ्यांना बरेच काही करता येण्याजोगे आहे. मुरमाड, उथळ जमिनीत पीक बेताचेच येते; तेथे मारवेलसारखे गवत राखल्यास वैरण मिळते आणि मातीची धूपही थांबते. फुलोऱ्यातील गवत सकस असते हे खरे. परंतु तोच काळ विणीचा असतो. म्हणून सारे रान एकदम न कापता काही पट्टे पावसाळा संपेपर्यंत राखावेत. बांधावरील बोरी तोडू नयेत. ज्वारी, बाजरी, तूर व भुईमूग यांचा फेरपालट ठेवावा. काढणीनंतर धसकटे काही काळ तशीच राहू दिल्यास सांडलेला दाणा पक्ष्यांना मिळतो. कीटकनाशकांची फवारणी गरजेपुरतीच असावी, कारण पिलांचे पोषण किड्यांवरच होते.

याचा मोबदलाही शेताला मिळतो. थंडीत येणारे भोवत्या पक्षी माळावर रात्र काढतात आणि दिवसा नाकतोडे टिपतात. माळढोक परत येईल न येईल. परंतु त्याच्यासाठी राखलेल्या माळावर तित्तर, चंडोल आणि गावची गुरे या साऱ्यांचाच निर्वाह होणार आहे. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, ही जाणीव गावोगावी रुजणे हीच या कार्याची पहिली पायरी होय.